मिलेम्बेचा नंबर

शिजाच्या आईला पोलिसांनी नेलं ही बातमी लुहेंडेला चहावालीकडून कळली. त्या वेळी त्याच्या हातात दुसऱ्याच कुणाचा उघडा फोन होता. किरुम्बाच्या मासळीबाजारात शिजाची आई डगा, म्हणजे बारीक सुकी मासळी, पोत्यात भरत होती. साध्या कपड्यांतले दोन शिपाई आले, तिचा फोन मागून घेतला, चार-पाच बटणं दाबून पडद्यावर उमटलेला पंधरा आकडी नंबर कागदाशी ताडून पाहिला आणि तिला गाडीत घातलं. मासळीचे हातसुद्धा धुऊ दिले नाहीत. गुन्हा काय, तर खून.

महिन्यापूर्वी कुणीतरी एका बोडाबोडावाल्याला, म्हणजे भाड्याने मोटरसायकल चालवणाऱ्याला, भाडं आहे म्हणून फोन करून सरोवराकाठच्या खडकांमागे बोलावलं होतं, त्याला तिथेच संपवून मोटरसायकल पळवली होती. ज्या सिमवरून फोन झाला ते फेकून दिलेलं होतं. पण सिम फेकलं तरी फोनचा स्वतःचा नंबर कंपनीकडे नोंदला जातोच, आणि तोच नंबर आता शिजाच्या आईच्या कमरेच्या गाठीत सापडला होता.

चहावाली म्हणाली, बाई दिसायला गरीब, पण माणसाच्या पोटात काय असतं कोण जाणे. लुहेंडेने पेला तसाच खाली ठेवला. बाईच्या पोटातलं त्याला ठाऊक नव्हतं, पण तिच्या फोनच्या पोटातलं चांगलं ठाऊक होतं. तो नंबर त्यानेच घातला होता, आणि तिच्या एकटीच्या फोनात नव्हे.

म्वान्झाच्या माकोरोबोई बाजारात लुहेंडे फोनचा फुंडी म्हणून बसायचा, म्हणजे दुरुस्ती करणारा. एक काचेची पेटी, एक छत्री, एक म्हातारा लॅपटॉप, एवढंच दुकान. दोन वर्षांपूर्वी सरकारने खोट्या नंबरांचे फोन एका फटक्यात बंद पाडले, तेव्हा निम्मा बाजार मुका झाला. स्वस्तातला फोन घेताना त्याचा नंबर खरा की खोटा हे कोण बघतं? दुकानदारांनी काखा वर केल्या आणि लोक फुंडींपुढे रांगा लावून उभे राहिले. सगळ्यात पुढे शिजाची आई होती. बुरुंडीहून मासळी घ्यायला येणारे व्यापारी आदल्या दिवशी फोन करायचे. फोन नाही तर गिऱ्हाईक नाही, पदरात लहान शिजा, आणि नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

कायद्याची पाटी बाजाराच्या भिंतीवरच चिकटवलेली होती. फोनचा नंबर बदलणं गुन्हा, बदललेला फोन बाळगणं गुन्हा, बदलण्याचं साधन जवळ ठेवणंही गुन्हा. लुहेंडेने ती वाचली होती. पण त्याच्या पेटीत त्याच्या आईचा फोन पडून होता, पाणी जाऊन मेलेला. आई मिलेम्बे त्याआधीच वारली होती. फोन अस्सल, नंबर खरा. त्याला वाटलं, मेलेल्याचं नाव जिवंताला द्यायचं, ही तर आपली रीतच. गावाकडे आईचं नाव पाच नातींना दिलेलं होतं. मोठी मिलेम्बे, विहिरीकडची मिलेम्बे, बोबडी मिलेम्बे, आणि कुणी एकीला हाक मारली म्हणून दुसरी आली असं कधी झालं नव्हतं. नावाने काय झिजतं? त्याने तो नंबर शिजाच्या आईच्या फोनात घातला आणि तिला तसं सांगितलंही. ती हसून म्हणाली, म्हणजे आता तुझी आई माझ्या कमरेला. मग त्याने तोच नंबर रांगेतल्या पुढच्याला दिला, त्याच्या पुढच्याला दिला. तीसपर्यंत त्याने मोजले, नंतर मोजणं सोडलं.

चूक झाली ती इथे. माणसांत पाच मिलेम्बे खपतात, कारण त्यांना हाक मारणारे त्यांना ओळखतात. पोलिसांच्या कागदावर मात्र मिलेम्बे एकच होती.

पहिले दोन-तीन दिवस त्याच्या जिवाला दुसराच घोर होता, आणि तो इथे लपवण्यात अर्थ नाही. ती आपलं नाव घेईल, एवढीच त्याला भीती होती. त्याने लॅपटॉप घरी नेला, पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि टेबलावर नुसत्या काचा बदलत बसला. बायको होलोला सांगितलं तेव्हा तिने आधी दार लावून घेतलं. मग शांतपणे विचारलं, तुझं नाव कुणी घेतलंय का? नाही ना? मग तू कशाला घेतोस? तिचंही काही चुकत नव्हतं. तिला पाचवा महिना होता.

पाचव्या दिवशी शिजाच्या आईची धाकटी बहीण पिली टेबलाशी आली. ती बसली नाही. तिने छत्रीची दांडी धरली आणि खालच्या आवाजात बोलली.

"भाऊ, ते तिला रोज एकच विचारतात. फोन कुणी दुरुस्त केला? ती म्हणते, कधी बिघडलाच नाही."

"असं का म्हणते?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाली, त्याने मला दिवस काढायला हात दिला, मी त्याच्या घरात पोलीस घालू? तिला वाटतंय फोनच्या दुरुस्तीचं किरकोळ लचांड आहे. खुनाचं सगळं प्रकरण त्या नंबरावरच उभंय हे तिच्या डोक्यात शिरतच नाही." पिलीने दांडी सोडली. "मी तुला काही कर म्हणायला आले नाही. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

असं सांगण्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.  इतके दिवस आपण जिला घाबरत होतो ती आपल्यालाच झाकून बसलीय, याची लुहेंडेला त्या रात्री इतकी लाज वाटली की होलोकडेही बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका वकिलाकडे गेला आणि 'माझ्या एका मित्राची' अडचण सांगितली. वकील मुरलेला होता, मित्राचं नाव विचारायच्या फंदात पडला नाही. म्हणाला, मित्राने कबुली दिली की मित्र आत, वर्षानुवर्षं. लुहेंडेने विचारलं, आणि बिघडलेल्या फोनात त्याचाच मूळ नंबर परत घातला तर? वकील म्हणाला, फोन बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीही नंबराला हात लावला की गुन्हा, मग तो खरा का असेना. आणि नुसत्या कबुलीवर खुनाचा खटला कोण सोडणार? त्याच नंबराचे आणखी फोन आणून दाखवायला हवेत. एक दाखव, दोन दाखव.

तेव्हा लुहेंडे आठवतील तेवढी सगळी दारं हिंडला. ज्यांच्यासाठी तो दोन वर्षांपूर्वी देव होता, त्यांनी कानांवर हात ठेवले. चपात्या लाटणारी म्हणाली, तो फोन मी केव्हाच विकला. शिंपी म्हणाला, फुंडी, तू मला ओळखतोस हेच मला आठवत नाही. एका नावाड्याने त्याच्या डोळ्यांदेखत खिशातून फोन काढला आणि सरोवरात भिरकावला. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? बाळगणंही गुन्हा होता, आणि आता त्या नंबराला खुनाचा वास लागला होता. शिवाय त्या सगळ्यांतला एक खरोखरच खुनी होता. हिंडताना आपल्याला पाणी देणाऱ्यांत तोही होता का, हे लुहेंडेला आता कधीच कळणार नव्हतं. दोन दिवसांत बाजारातले सगळे मिलेम्बेचे फोन नाहीसे झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोर कोण हे सांगणारा पुरावा त्यानेच दार ठोठावून ठोठावून बुडवला.

अकराव्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप आणि वायर तांदळाच्या पिशवीत घालून ठाण्यावर गेला. होलोने अडवलं नाही. तिने त्याचा जाड स्वेटर पिशवीत वर ठेवला आणि आत गेली.

ठाण्याच्या ओसरीवर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मेलेल्या बोडाबोडावाल्याची बायको, न्यामिती. ती रोज येऊन बसायची, असं पहाऱ्यावरच्या शिपायाने सांगितलं. लुहेंडे तिच्याकडे न बघता आत गेला.

इन्स्पेक्टर म्वाकलिंगा दक्षिणेकडचा, कोरडा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की आरोपीला सोडवायला आलेले असे साक्षीदार आपण दर आठवड्याला पाहतो. बाकीचे फोन कुठे आहेत? नाहीत. मग तू म्हणतोस म्हणून मी खुनाचा कागद फाडू?

"मग तुमचा फोन द्या, साहेब," लुहेंडे म्हणाला.

कोपऱ्यातला शिपाई हसला. इन्स्पेक्टरने खिशातला फोन टेबलावर ठेवला. साधाच, चिनी बनावटीचा. लुहेंडेने त्याचा नंबर आधी कागदावर उतरून घेतला, मग वायर जोडली. त्याची बोटं हे काम झोपेतही करत. चहा निवायला लागतो तेवढा वेळ गेला. फोन परत सुरू झाला तेव्हा त्याने तो इन्स्पेक्टरपुढे सरकवला.

म्वाकलिंगाने बटणं दाबली. पडद्यावर पंधरा आकडे आले. त्याने शिजाच्या आईची फाईल उघडली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत दोनदा वाचलं.

"आता खून करणारा नंबर तुमच्या खिशात आहे, साहेब," लुहेंडे हळूच म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता.

इन्स्पेक्टरने फाईल मिटली. मग म्हणाला, "माझा जुना परत घाल."

"तोही गुन्हाच आहे. घालू का?"

शिपाई छताकडे बघू लागला.

"घाल," इन्स्पेक्टर म्हणाला.

म्वाकलिंगा वाईट माणूस नव्हता, पण त्याला नोकरी होती. त्याने अहवालात लिहिलं की या फुंडीने माझ्यासमक्ष नंबर बदलून दाखवला, सबब एकच नंबर अनेक फोनांत असणं शक्य आहे आणि त्या बाईविरुद्ध दुसरा पुरावा नाही. 'घाल' हा शब्द मात्र अहवालात नव्हता. लुहेंडेवर गुन्हे लागले चार. बाईचा फोन, लॅपटॉप बाळगणं, इन्स्पेक्टरच्या फोनातला नंबर बदलणं आणि तो परत बदलणं.

कोर्टात दोघांची प्रकरणं एकाच दिवशी, एकामागून एक होती. त्याच्या नावाला नेमलेली वकीलबाई आदल्या संध्याकाळी कोठडीत येऊन सांगून गेली होती: इन्स्पेक्टरने सांगितलं म्हणून केलं असं म्हण, शेवटचे दोन गुन्हे लगेच उडतील. लुहेंडेने विचारलं, आणि त्याचा अहवाल? बाई खरं बोलली. म्हणाली, मग पोलिसानेच गुन्हा करवला असं होईल आणि अहवालही उडेल. शिजाच्या आईचा खटला परत पहिल्यापासून.

शिजाची आई मागच्या बाकावर पिंजऱ्याशेजारी बसली होती. अंगाने निम्मी झाली होती. तिने त्याच्याकडे पाहून मान जराशी हलवली, का आलास असं विचारल्यासारखी.

न्यायाधीशाने चष्मा पुसला. "पोलिसाचा फोन, आणि त्यालाही तू हात घातलास. तुला कुणी सांगितलं होतं?"

म्वाकलिंगा भिंतीशी उभा होता. त्याने हातातली टोपी उलटी केली, सुलटी केली. लुहेंडेला होलो दिसत होती, तिचं पोट दिसत होतं. एका गुन्ह्याची वर्षं किती आणि चारांची किती, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याला फार भीती वाटत होती.

"कुणी नाही, साहेब. मीच केलं."

न्यायाधीशाने ते लिहून घेतलं. लगेच पुढचं नाव पुकारलं गेलं, सरकारी वकील उठला, इन्स्पेक्टरच्या अहवालाचा हवाला देऊन खुनाचा आरोप मागे घेत असल्याचं आणि फोन बाळगल्याचा गुन्हा लावत नसल्याचं त्याने वाचून दाखवलं. पिलीने तोंडावर कापड दाबलं. शिजाची आई उभी राहिली, पण जायचं कुठे हे न कळून तशीच उभी राहिली, मग कुणीतरी तिला दाराकडे वळवलं.

लुहेंडेला बेड्या घालून अंगणातून गाडीकडे नेत होते तेव्हा न्यामिती वाटेत उभी होती. शिपायाने तिला बाजूला हो म्हटलं. ती हलली नाही. रागाने बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं, पण ती एखाद्या फुंडीला बिघाड विचारावा तशी विचारत होती.

"तो नंबर तिचा नव्हता, बरं झालं, सुटली बिचारी. मग माझ्या माणसाला फोन कुणी केला होता?"

"मला माहीत नाही."

"त्या नंबरावरून शोधता येईल ना?"

लुहेंडेने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं. तिला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही, म्हणून तिने तो पुन्हा विचारला.