पाठ केलेला तक्ता

"ग, प, ट, र, म," डावा डोळा हाताने झाकून मुलीने शेवटची ओळ घडाघडा म्हणून टाकली आणि तपासनीस बाईंचा हात बटणावरच थांबला. तक्त्यामागचा दिवा त्यांनी अजून लावलाच नव्हता.

या अंधाऱ्या खोलीत लोकांची नजर तपासण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती, पण असा चमत्कार पाहण्यात नव्हता.

"अगं, दिसलं कुठून तुला?"

मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे.

सात वर्षांची पोर. ताईच्या कंपासपेटीतलं कर्कटक उजव्या डोळ्याला लागलं, मोतीबिंदू झाला, डॉक्टरांनी तो काढून भिंग बसवलं. इथवर सगळं ठीक. पण त्या डोळ्याला पुन्हा बघायला शिकवायचं तर चांगला डोळा रोज सहा तास पट्टीने झाकायला हवा, हे बाईंनी बाबांना तीन महिन्यांपूर्वी बजावलं होतं, वर कागदावर लिहूनही दिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

"घरी पट्टी लावता ना?"

"लावतो की. म्हणजे... रडते हो ती. मग काढतो."

"आणि हा तक्ता?"

"मोबाइलवर फोटो काढलेला. रोज म्हणून घेतो, पाढ्यांसारखा. म्हटलं, पास झाली की सुटेल बिचारी."

"अहो, परीक्षा आहे का ही?"

बाबांवर राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःवर आला. दर खेपेला तोच तक्ता, डावीकडून उजवीकडे, कोणी विचारला? फाइलमध्ये दोनदा 'सुधारणा' कोणी लिहिलं? त्यावर विसंबून डॉक्टर आज पट्टी बंद करणार होते. वय वाढलं की हा डोळा शिकायचा नाही, आणि हाती असलेल्या वेळातले तीन महिने फुकट गेले.

बाईंनी खोलीतला दिवा लावला, चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवली आणि समोर बोटं धरली. दोन हातांच्या अंतरावरून पोरीने बरोबर तीन सांगितली. बाई चार पावलं मागे सरकल्यावर तिला बोटंच दिसेनात.

बाईंनी आपल्याच हातच्या दोन्ही नोंदी खोडल्या, खाली सही केली.

"डॉक्टरांना मी सांगते, माझं चुकलं म्हणून. पट्टी काढू नका आता. अशीच घरी न्या."

"दुसऱ्या डोळ्याने दिसतंय की तिला," बाबा पुटपुटले. "उगाच छळ पोरीचा."

बाईंनी दार उघडलं. मुलगी चाचपडत बाहेर गेली आणि बाकावरच्या निळ्या शर्टातल्या माणसाचा हात धरून म्हणाली, "चला ना बाबा."

तो परका माणूस गोंधळून हसला. बाबा दारातच उभे होते, तसल्याच निळ्या शर्टात. मग ते पुढे झाले, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि सुटू पाहणारी पट्टीची कड अंगठ्याने दाबून बसवली.