सर, माझा विषय काय हो?

आमची भाची पळायला लागली की वाऱ्यालाही म्हणावंसं वाटतं, बाबा, तू हो बाजूला. म्हणून तर मोठ्या कॉलेजचे कोच माझ्या टायरच्या दुकानात आले, तेलकट स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "मामा, पोरगी आम्हाला द्या. मार्कांचं आम्ही बघतो."

मी खूश. भाची म्हणाली, "मार्कांचं मीच बघते. मला फिजिओथेरपी शिकायचीय."

गेल्या साली गुडघा गेला होता तिचा. ज्या बाईंनी तो ताळ्यावर आणला, त्यांच्यासारखं व्हायचं, हेच डोक्यात.

"आधी कॉलेज तर बघा," कोच म्हणाले.

गेलो. ट्रॅक असा की मलाच पळावंसं वाटलं, आणि मी तर जिना चढताना धापा टाकतो. भाचीच्या हातात नवेकोरे बूट ठेवले. मग मेसमध्ये जेवायला बसवलं. समोर कॉलेजची पहिल्या नंबरची धावपटू, शेवटच्या वर्षाची.

भाचीनं विचारलं, "ताई, तुम्ही काय शिकता?"

तिचा घास हातातच राहिला. मान वळवून म्हणाली, "सर, माझा विषय काय हो?"

सगळं टेबल हसलं. तीही हसली. भाची नाही हसली.

"समाजशास्त्र गं," कोच म्हणाले. "वर्गात बसायचा ताप नाही. हिलाही तोच देऊ."

"मला फिजिओथेरपी."

"प्रॅक्टिकलं सरावाच्या वेळेत असतात. खेळाडूंना झेपत नाही ते."

"मग सराव पहाटे ठेवा."

"आणि नापास झालीस तर?"

"तर नापास करा. पण मी लिहिलेल्या पेपरात करा. दुसऱ्यानं लिहिलेल्या पेपरात मला पास व्हायचं नाही."

कोच माझ्याकडे वळले. "मामा, समजवा हो हिला."

"ही माझं ऐकत असती, तर आमच्या घरात बाथरूम वेळेवर रिकामं झालं असतं," मी म्हणालो. "तिनं सांगितलं ना? झालं तर मग."

भाचीनं बूट टेबलावर ठेवले. "प्रवेश परीक्षा देते. माझ्या मार्कांवर आले तर तुमच्यासाठी पळेन. तोवर हे सांभाळा." आणि निघाली. मी ताटातलं संपवलं, मग निघालो. अन्नाशी काय भांडण?

काठावर का होईना, लागला तिचा नंबर. आता उजाडायच्या आत मी तिला स्कूटरवरनं ट्रॅकवर सोडतो. कोच येतात मफलर गुंडाळून, जांभया देत, डोळे चोळत.

भाची रोज विचारते, "काय सर, झेपतंय ना?"