हरणाबाईचा सत्कार

क्रांतीचा फोन शुक्रवारी सकाळी आला, तेव्हा हरणाबाई म्हसवडच्या घरासमोर शेळीला पाला टाकत होती. पोरगी फोन करायची रविवारी. शुक्रवारी केला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे उचलायच्या आधीच तिनं ओळखलं.

"आई, जेवलीस?"

"साडेआठ वाजल्यात. ह्या वक्ताला कोण जेवतंय? काय झालंय ते बोल."

मग पोरीचा बांध फुटला. तीन वर्षं ती आखातातल्या एका शाळेत गणित शिकवत होती. शाळेनं दोन वर्ग बंद केले आणि परवा तिला काढून टाकलं. राहायची खोली शाळेचीच. सोमवारी सकाळी किल्ली आणून द्या म्हणाले. वर मुख्याध्यापिकेनं राजीनाम्याचा कागद पुढं सरकवला. सही केलीस तर अनुभवाचा दाखला देऊ, नाही केलीस तर तोही नाही.

हरणाबाईनं हातातला पाला खाली टाकला.

"काढलं त्यांनी, का सोडलं तू?"

"त्यांनी काढलं."

"मग मी सोडलं असं तुझ्या हातानं कशापायी ल्ह्यायचं?"

पलीकडून पोरगी हळूच म्हणाली, "वीरधवल सरसुद्धा म्हणाले, सही करून मोकळी हो. नाहीतर नाव काळ्या यादीत जाईल, पुन्हा कुठं नोकरी लागायची नाही."

हा वीरधवल सांगलीचा. विश्रामबागेत त्याचं ऑफिस, शिक्षकांना परदेशी पाठवायचा धंदा. क्रांतीलाही त्यानंच पाठवलेलं. करारावर तिची सही त्याच्याच टेबलावर झाली होती. शाळेनं काढलं तर महिनाभर खोली आणि परतीचं तिकीट, असं त्यात लिहिलेलं तिला नीट आठवत होतं. पण प्रत तिच्याकडं नव्हती, ती सरांनी ठेवून घेतलेली. तिथल्या कामगार कचेरीत ती रडत गेली, तर त्यांनी कराराचा नंबर मागितला. सरांना विचारलं, तर सर म्हणाले, ऑफिस हलवलं तेव्हा फाइल कुठं गेली ती सापडत नाही.

"आन् ही रामकहाणी तू मला आज सांगतीयास?"

"तुझं बीपी वाढतं ना. म्हणून सरांनासुद्धा सांगितलंय, आईला काही कळवू नका."

"म्हंजी त्या बाबाला वाटतंय मला काय ठाव न्हाई?"

"हो."

"मग तसंच ऱ्हाऊ दे," हरणाबाई म्हणाली. आता तिचा आवाज एकदम गार झाला होता. तिचा आवाज चढला की पोरं घाबरायची नाहीत, गार झाला की घाबरायची. "सही करू नगं. किल्ली देऊ नगं. सामान बांधायला तर अजिबात घेऊ नगं. आन् रविवारी फोन हातातनं खाली ठेवू नगं."

हरणाबाई दुसरी शिकलेली. मोठी अक्षरं लावून लावून वाचायची, बारकी आली की डोळे मिटून घ्यायची. पण सही म्हणजे काय हे तिला वकिलापेक्षा जास्त कळत होतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा भाऊ राजाराम तिला दहिवडीच्या कचेरीत घेऊन गेला. वाटेत भजी चारली, हिरवं लुगडं घेतलं, आणि 'ताई, नुसती खानापूर्ती हाय' म्हणत माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही घेतली. पुढं नवरा गेला, दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली, तेव्हा त्याच राजारामानं ओसरीवरसुद्धा जागा दिली नाही. कागद दाखवला. त्या दिवसापासून बावीस वर्षं झाली, तिनं त्या घरचं पाणी घेतलेलं नाही. राजारामाच्या थोरलीचं लग्न झालं तेव्हा मांडवासमोरून तिनं मुद्दाम दोनदा चक्कर मारली आणि आत पाय टाकला नाही. लोकांनी विचारावं आणि राजारामाला उत्तर देता येऊ नये, एवढ्यासाठी.

आता वीरधवलची पाळी होती, आणि त्यानं आपण होऊन हरणाबाईला बोलावलं होतं. महिन्यापूर्वीच पत्रिका आलेली. रविवारी अकरा वाजता विश्रामबागेत कार्यक्रम. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना मार्गदर्शन, आणि यशस्वी शिक्षिकांच्या मातांचा सत्कार. क्रांतीला काढलं म्हणून यादीतून आईचं नाव खोडावं, एवढंही त्याच्या ध्यानात आलं नाही. उलट शनिवारी त्यानं स्वतः फोन केला.

"मावशी, उद्या येताय ना? तुमच्याशिवाय शोभा नाही. आणि क्रांती काय म्हणते? मजेत?"

"मजेत हाय की," हरणाबाई म्हणाली. "लय मजेत."

रविवारी पहाटेची एसटी धरून ती विट्याला उतरली, तिथून सांगली. अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं, कपाळ मोकळं, केस चापून बसवलेले. विश्रामबागेतला हॉल भरला होता. बीएड झालेल्या पोरी, त्यांच्या आया, एखाददुसरा बाप. वीरधवल दारातच कोट घालून उभा. तिला बघताच वाकला.

"या मावशी, या! पुढं बसा, सोफ्यावर."

"बसते की. त्येच्यासाठीच आलेय."

शेजारी इस्लामपूरची अकिला म्हणून बाई लेकीला घेऊन बसली होती. तिची लेक अल्फिया इंग्रजीची शिक्षिका, तिलाही परदेशी जायचं होतं. हरणाबाईनं तिच्याकडं बघून हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. समोर स्टेजवर भिंतभर फ्लेक्स लावला होता. एका कडेला क्रांतीचा हसरा फोटो, आणि बाकी सगळ्या जागेत एक छापील इंग्रजी कागद, माणसापेक्षा उंच करून लावलेला. त्यातल्या एका ओळीवर पिवळा पट्टा. आणि कागदाच्या तळाला, घराच्या उंबऱ्याएवढ्या लांबीची, क्रांतीची सही.

ती सही हरणाबाईनं अंधारातसुद्धा ओळखली असती. पोरगी पाचवीत असताना पाटीवर शंभर वेळा गिरवत होती.

"बाळा," तिनं अल्फियाचा हात धरला, "त्यो कागद कशाचा हाय गं?"

"करार आहे काकी. एका मॅडमचा. पिवळी ओळ आहे ना, त्यात लिहिलंय, सामानासकट राहायला खोली फुकट."

"आन् त्येच्या खालची वळ?"

अल्फियानं डोळे बारीक केले. "शाळेनं मुदतीआधी कामावरून कमी केलं, तर शिक्षिकेला तीस दिवस त्याच खोलीत राहता येईल आणि परतीचं तिकीट शाळा देईल."

खोलीची जाहिरात करायची म्हणून वीरधवलनं सगळं पान मोठं करून टांगलं होतं, आणि त्याखालची ओळ वाचायला विसरला होता. फाइल सापडत नव्हती ती ही.

"नंबर हाय का त्येच्यावर? कराराचा?"

"नंबर पहिल्या पानावर असतो काकी. हे चौथं आहे."

हरणाबाई सोफ्यात नीट मागं टेकून बसली. तिच्यापुढं सगळं मोकळं झालं. एक पान भिंतीवर होतं, म्हणजे बाकीची कुठंतरी कपाटात होती. आणि ते कपाट उघडायला लावणं तिच्या हातात होतं. तिनं अल्फियाला त्या पानाचा फोटो काढून क्रांतीला पाठवायला लावला. खाली लिहायला सांगितलं, 'कचेरीत जाऊन बस. तिकडं रविवार कामाचा वार हाय.'

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. वीरधवलनं माइक तिच्या हातात दिला.

"बोला मावशी, दोन शब्द. क्रांतीनं तिकडं कसं नाव काढलं, ते सांगा मुलींना."

"दोन व्हय? दोनात भागायचं न्हाई, साहेब." हॉल हसला. वीरधवलही हसला. "माझ्या क्रांतीला शाळेनं बुधवारी कामावरनं काढलं."

हसू जागच्या जागी थिजलं.

"उद्या सकाळी खोलीतनं बाहेर घालणार हायत. आन् ह्यो साहेब माझ्या पोरीला काय सांगतोय? की तुजा करार सापडत न्हाई, तू आपली राजीनाम्यावर सही कर आन् गप घरी जा." तिनं शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकली आणि फ्लेक्सकडं बोट केलं. "आवं, एवढा पुरुषभर कागद! ह्येच्यापुढं फोटो काढून घेतलासा की सकाळपास्नं. सापडत न्हाई म्हणायला जीभ कशी रेटली वो?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. वीरधवलच्या कपाळावर घाम आला. तो जवळ सरकला आणि तोंडावर हात धरून म्हणाला, "मावशी, खाली बसा. पंधरा दिवसांत दुसऱ्या शाळेत लावतो तिला. माझा शब्द. पण आत्ता गप्प बसा."

हरणाबाईनं माइक खाली घेतला. पोरीला नोकरी हवी होती, हे खरं होतं. रिकाम्या हातानं घरी आली तर गाव काय बोलेल तेही तिला ठाऊक होतं. पण पंधरा दिवसांत शाळा मिळत होती, तर मग हा माणूस काळ्या यादीचं भय कशाला घालत होता? तिनं माइक तोंडाजवळ नेला.

"ऐका गं पोरींनो. साहेब म्हणत्यात, गप बसा, पंधरा दिसात दुसरी शाळा देतो. म्हंजी तुमाला काढलं, की तुमच्या आयांनी हितं येऊन बोंब मारायची. मंग नोकरी मिळती. मुक्यानं बसलीसा तर काळी यादी!"

"अस्सं!" अकिला उभी राहिली. "मग आमच्या पोरीनं कुठल्या भरवशावर सही करायची?"

"फाइल आन," हरणाबाई वीरधवलला म्हणाली. आता तिनं आवाज खाली आणला होता, पण माइक चालूच होता. "मी हितनं हलत न्हाई. कार्यक्रम करायचा तर फाइल आन."

"मावशी, खरंच सापडत..."

"सर," दाराजवळून आवाज आला. ऑफिसात काम करणारी नीलिमा होती, मान खाली घालून उभी. "कपाटात आहे. फ्लेक्स छापायला मीच काढून दिली होती."

वीरधवलनं तिच्याकडं असं बघितलं, की सोमवारी तिचंही काम जाणार हे सगळ्या हॉलला कळलं. पण नीलिमा वळली आणि वरच्या मजल्यावर ऑफिसात गेली. फाइल आली. अल्फियानं सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले, पहिलं पान दोनदा.

पुढचा सवा तास हरणाबाई स्टेजवरच्या सत्काराच्या खुर्चीत बसून होती. कुणी उठा म्हणालं नाही. वीरधवलनं एकदा मार्गदर्शन सुरू करायचा प्रयत्न केला, पण पोरी त्याच्याकडं बघण्याऐवजी तिच्या हातातल्या फोनकडं बघत होत्या.

फोन वाजला.

"आई! नंबर दिल्यावर नोंद निघाली. त्यांनी माझ्यादेखत शाळेला फोन लावला. महिनाभर खोली सोडायची नाही म्हणाले, तिकीटही द्यावं लागेल. आणि मुख्याध्यापिकेनं तो राजीनाम्याचा कागद परत मागितला!"

"सहीची जागा कोरीच हाय न्हवं त्येच्यावरची?"

"कोरीच."

"आन् नोकरी?"

"ती गेलीच, आई."

"जाऊ दे. नोकऱ्या येत्यात. तू आता जेवून घे."

वीरधवलनं ऐकलं होतं. तो हात जोडून पुढं आला. "झालं ना मावशी मनासारखं? चला, माझी गाडी तुम्हाला स्टँडवर सोडेल."

फोन अजून चालू होता. क्रांती पलीकडून म्हणाली, "आई, आता सोड त्यांना. काम झालं ना?"

"तुजं झालं," हरणाबाई म्हणाली. "माजं न्हाई झालं अजून." आणि फोन ठेवला.

मग तिनं नीलिमाला जवळ बोलावलं. "बाई, आजपातुर किती पोरी पाठीवल्या ह्येनं?"

"एकेचाळीस."

"सगळ्यांचं करार कपाटात हायत?"

"आहेत."

हॉलमधल्या, सत्काराला आलेल्या आया एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "आमच्या रेश्माकडं बी प्रत न्हाई." दुसरी काही न बोलता नारळ बाजूला ठेवून उठली. बघता बघता बाया जिन्यानं वर निघाल्या, मागून पोरी.

"हे बेकायदेशीर आहे," वीरधवल ओरडला. "मी पोलिसांना बोलावीन!"

"बोलीव की. त्यांना बी एक एक प्रत दे."

वीरधवलनं काढलेला फोन पुन्हा खिशात घातला.

वर ऑफिसात एक खुर्ची होती, वीरधवलची, फिरणारी. हरणाबाईनं ती ढकलत नेली, दाराच्या मधोमध लावली आणि ऐसपैस बसली. आत कपाटापुढं वीरधवल, कोटाच्या बाह्या वर सारून, एकेक फाइल काढून नीलिमाच्या हातात देत होता. नीलिमा झेरॉक्स काढत होती. बाया जिन्यापर्यंत रांगेत.

"सावकास काढा, साहेब," हरणाबाई म्हणाली. "मला एसटी पाचची हाय."