बातमीच्या आधीचं ताट

सासूबाईंनी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर पत्र्याचा एक डबा ठेवला होता. आत बदाम, खजूर, अंजीर. सगळं सुनेसाठीच, पण "गोड बातमी आली की". तोवर सुनेनं सगळ्यांमागून जेवायचं, पातेल्याच्या बुडाशी चिकटलेलं, तेही सासूबाईंशी वाटून. सासूबाई चिक्कू मात्र नव्हत्या. डब्यावरची धूळ त्या रोज मायेनं पुसत.

सून कपड्यांच्या कारखान्यात बेतण्याच्या टेबलावर होती. दिवसभर उभं राहून कात्री चालवायची. मूल हवं म्हणून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली.

"रक्त कमी आहे. गोळ्या देते, पण नीट जेवायला लाग, आत्तापासूनच. दिवस राहिल्याचं तुला कळायच्या आधीच साखर-चरबी कशी वापरायची, याची बाळाच्या शरीरात मांडणी सुरू होते. आई अर्धपोटी असली तर ते काटकसर शिकून येतं. मोठेपणी साखरेच्या आजाराचा धोका वाढतो तो असा."

त्या संध्याकाळी तिनं पहिलं ताट स्वतःचं वाढलं, दोन अंडी घेतली आणि थेट सासऱ्यांच्या खुर्चीत बसली.

सासरे निवृत्त बसचालक. दारातच कचकन ब्रेक लागल्यासारखे थांबले. "आज गाडी उलटी निघालीय का?"

"बसा ना बाबा. स्टूल रिकामं आहे."

नवरा पाणी पिऊ लागला. अशा वेळी त्याला हमखास तहान लागे.

"अगं, बातमी तरी येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "मग लाड करायला मी नाही म्हटलंय का?"

"आई, बाही तोकडी बेतली की शिवणारीनं नंतर कितीही लेस लावली तरी हात उघडाच राहतो. तुमचा डबा म्हणजे ती लेस."

"आम्ही उरलंसुरलं खाऊनच पोरं वाढवली."

"वाढवलीत की. हे समोर बसलंय, पस्तिशीतच साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेतंय. त्याच्यामुळेच असं मी म्हणत नाही. पण तेव्हा तुम्हाला तरी कुणी पोटभर वाढलं होतं का?"

नवऱ्यानं ग्लास खाली ठेवला.

"या घराला काही पद्धत आहे," सासरे म्हणाले आणि स्टुलाकडे वळले. पण ते सासूबाईंनी आधीच ओढून कपाटाला लावलं होतं. त्या वर चढल्या आणि डबा खाली घेऊन आल्या.

झाकण उघडलं. अंजिरांत अळ्या वळवळत होत्या, बदामांना खवट वास येत होता. बाहेरून डबा मात्र लख्ख होता.

सासूबाईंनी तो तसाच कचऱ्यात पालथा केला. मग एक ताट घेतलं, भाजी वाढून घेतली, अंडंही घेतलं आणि सुनेच्या शेजारी बसल्या.

"अगं, मी?" सासऱ्यांनी विचारलं.

"पातेलं तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "बुडाशी बघा."