मासे तळणारी

वकीलबाईंनी फोनचा स्पीकर चालू केला आणि बर्नडेटला खुणेनंच बजावलं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

फोनवर कर खात्याच्या अधिकारी होत्या आणि लेनीही. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, तरी त्याचं ते खाकरणं बर्नडेटनं लगेच ओळखलं. छपरांच्या धंद्यातली रोख कमाई त्यानं लपवली आणि भलत्याच बाईवर उधळली. पण विवरणपत्र दोघांचं एकत्र, खाली तिचीही सही. म्हणून खातं आता तिच्या टोलेडोतल्या घरावर टाच आणायला निघालं होतं. यातून सुटायचं तर तिला काही माहीत नव्हतं आणि कळण्यासारखंही नव्हतं, हे खात्याला पटायला हवं होतं.

"यांना हिशेब समजायचे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

लेनी हसला.

"हिला? अहो बाई, मी बोट ठेवीन तिथं सही करायची ती. आकडे दिसले की डोकं दुखायचं तिचं."

"कुठं हिशेबाचं काम वगैरे?"

बर्नडेटनं पर्स पोटाशी घट्ट धरली. आत चर्चच्या गल्ल्याची किल्ली होती. ईस्टरआधीच्या उपासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळून विकतात, त्याचा जमाखर्च कित्येक वर्षं तिच्याकडे होता. एका सेंटची चूक कधी निघाली नाही. मेल्याच्या मनात आलं तर एका वाक्यात तो तिला बुडवू शकत होता.

"हिशेब कसले? चर्चात मासे तळते ती."

तो खोटं बोलत नव्हता. शुक्रवारी तिच्या कपड्यांना तेलाचा वास येतो, एवढंच त्याला ठाऊक. तिथं तू काय करतेस, हे सगळ्या संसारात त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"बरोबर आहे का हे, बाई?"

बर्नडेटचे कान तापले. खात्याशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"बरोबर," ती म्हणाली. "मासे तळते मी."

"घर वाचलं समजा," फोन ठेवत वकीलबाई म्हणाल्या. "काय माणूस आहे! वाईट बोलून भलं करून गेला."

त्या शुक्रवारी बर्नडेटनं गल्ल्याची किल्ली फादरांच्या हातावर ठेवली, ॲप्रन बांधला आणि ती कढईपाशी जाऊन उभी राहिली.

"अगं बर्नी, मग हिशेब कोण बघणार?" कोबी चिरता चिरता डोलोरेस म्हणाली. "तुझ्यावाचून कुणाला जमतंय इथं?"

"मला कुठं काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि पिठात घोळवलेला तुकडा तिनं तेलात सोडला.