अकराशे चाळीस पावलं

सोसायटीच्या फाटकासमोर सिटी बसचा थांबा होता. दिंडोरीकडून येणारी साळूबाई तिथंच उतरायची आणि झेंडूच्या दोन पाट्या मांडून बसायची. पण बस थांबली की गाड्या बाहेर काढायला खोळंबा होतो, म्हणून चेअरमन शेखररावांनी बेचाळीस घरांच्या सह्यांचा अर्ज दिला. थांबा पुढं पुलाखाली गेला.

"साहेब, माझा गुडघा दुखतो," साळूबाई तेव्हा म्हणाली होती.

"चाला मावशी. तब्येतीला चांगलं असतं."

तिनं नव्या थांब्यापासून फाटकापर्यंतचं अंतर मोजलं. अकराशे चाळीस पावलं. एक पाटी थांब्यावर सून संजनापाशी ठेवायची, दुसरी फाटकाशी पोचवायची, मग पहिलीसाठी परत यायचं. चार महिने ती रोज मोजत होती.

दसऱ्याला सोसायटीतून गाड्यांसाठी बेचाळीस हारांची ऑर्डर आली. नऊचा मुहूर्त. ती बरं म्हणाली.

सव्वाआठला शेखररावांचा फोन आला.

"मावशी, कुठे आहात? गुरुजी आलेत."

"थांब्यावर."

"इथे तर दिसत नाही."

"तुम्ही नेला, त्या थांब्यावर."

"बरं, गाडी घेऊन येतो."

"गाडी उभी राहायची नाय. पोलीस हाय."

शेखरराव चालत आले. रेशमी सदरा पाठीला चिकटला होता. आयते बेचाळीस हार आज दुसरीकडं मिळणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं, तिलाही.

"कुणाबरोबर तरी पाठवून द्या ना."

"कुणाबरोबर? सून दुसरी पाटी सांभाळती, अन् माझा गुडघा तोच हाय."

"मी कमिटीत बोलतो थांब्याचं."

"बोलू नका. लिवा." संजनानं लिहिलेला कागद तिनं हारांखालून काढला. थांबा पूर्वीच्या जागी आणावा, आमची हरकत नाही.

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि सही केली. कागद घडी होऊन तिच्या कमरेच्या पिशवीत गेला.

"आता द्या. रिक्षा बघतो."

"रिक्षावाले बी पोलिसाला भितात." तिनं फडक्याची चुंबळ त्यांच्या नव्यानं कापलेल्या केसांवर ठेवली, संजनानं हात लावून पाटी वर चढवली. "मान सरळ. खाली बघायचं नाय, हार सांडतात. दुसरी न्यायला परत या."

शेखररावांनी दोन्ही हातांनी पाटी सावरली.

"चाला साहेब," साळूबाई म्हणाली. "तब्येतीला चांगलं असतं."

ते निघाले. ती पाटीवरून नजर न काढता ओठांतल्या ओठांत मोजू लागली. एक. दोन. तीन.