पार्सलचा काटा

"काका, आधी माझ्या राजाचं वजन करून द्या, मग खुशाल न्या तुमचा काटा!"

कारखान्यातल्या भट्टीवाल्याची सून धापा टाकत पार्सल ऑफिसच्या दारात उभी होती, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. आत दोन हमाल काट्याचे जमिनीतले बोल्ट पान्याने सोडवत होते. पार्सल क्लार्क सकाळपासून एका जागी बूड टेकवत नव्हते. अख्खी वसाहत त्यांना तोलकाका म्हणायची. हिला बघितलं आणि ते लगबगीने काट्याच्या आड येऊन उभे राहिले.

"अगं, काटा बंद झाला आता. सुटा केलाय."

"बंद कसा? उभा तर आहे! गाडी सुटायला अवकाश आहे अजून. करा पटकन."

या स्टेशनाचा इतिहास सांगायचा तर काट्यापासूनच सुरू करावा लागेल. आधी काचेचा कारखाना आला. त्याच्यासाठी मोठ्या लाइनीला ही शेपटी फुटली आणि शेपटीच्या टोकाला हे स्टेशन. वाळू यायची, बाटल्या जायच्या. मालडब्यांच्या मागे माणसांसाठी एकच डबा, तोही उपकार केल्यासारखा. फलाट इतका आखूड की बाटल्या फलाटावर आणि माणसं खाली खडीत! तर एकदा कारखान्याच्या साहेबाच्या बायकोने हौसेने आपलं तान्हं या काट्यावर ठेवलं. मग वसाहत कशाला मागे राहते? तेव्हापासून तिथे जन्मलेलं प्रत्येक पोर बाटल्यांच्या खोक्यांमागे रांग लावून तोललं गेलं. पुढे मिशीला पीळ देत फिरणारा फोरमनसुद्धा एके काळी याच काट्यावर भोकाड पसरून बसला होता. दवाखान्यात नवा काटा आला तरी बायका म्हणायच्या, तो नर्सबाईंचा, हा आपला.

मग भट्टी विझली. वाळू नाही, बाटल्या नाहीत, मग लाइन कोण पोसणार? आज शेवटची गाडी. तिच्यातूनच काटाही जायचा होता. इथून पुढे शहर गाठायचं तर ट्रकवाल्यांची मनधरणी करायची.

पण काकांचा जीव स्टेशनासाठी तळमळत नव्हता. स्टेशनं काय, उघडतात आणि बंद होतात. त्यांचा जीव तळमळत होता तो या दुपट्यातल्या मूठभर पोरासाठी.

बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलं होतं. नवरा कामाच्या शोधात परगावी. दुसऱ्या खेपेला वजन कमी भरलं तेव्हा ही पोरगी इथेच, खोक्यावर बसून हमसाहमशी रडली. काकांना ते बघवेना. "थांब, थांब, नीट ठेवलं नव्हतं," म्हणत त्यांनी बाळ पुन्हा ठेवलं आणि बुटाचं टोक हळूच काट्याच्या पाटावर टेकवलं. दांडी वर गेली. पोरगी डोळे पुसून हसली. एवढंच. पुढच्या वेळी बाळ आपणहून वाढेल, अशी काकांनी मनाची समजूत घातली.

बाळ काही वाढायचं नाव घेईना. आणि एकदा जास्त दाखवलं की पुढच्या खेपेला त्याहून जास्त दाखवायला नको? बूट दर खेपेला थोडा अधिक दाबावा लागला.

काल जेवताना काकू कौतुकाने सांगत होत्या, "ऐकलंत का? नर्सबाई म्हणाल्या बाळाला मोठ्या दवाखान्यात ने, सासू तर रोज मागे लागलीय. पण सून काय म्हणते माहितीय? काकांचा काटा दर खेपेला थोडाच खोटं बोलेल!" काकांनी ताट बाजूला सारलं. रात्रभर ते कूस बदलत राहिले. शेवटी काकू वैतागल्या, "अहो, अंथरुणात ढेकूण झालेत का? झोपा की!"

"काका, ठेवू ना?" पोरीने बाळ पाटावर ठेवलंसुद्धा.

सवयीने बूट पुढे सरकला. काकांनी तो मागे घेतला, आणखी एक पाऊल मागे गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दांडी खाली बसली. पोरीने दांडीवरचं वजन इकडे सरकवलं, मग आणखी इकडे.

"हे काय? एवढं कमी?" तिचा चेहरा उतरला.

दारात गाडीचा गार्ड हिरवं निशाण हातात धरून उभा होता. "अहो ताई, बोल्ट काढलेत त्याचे. उखडलेला काटा खरं कसं दाखवेल?"

"हो की!" पोरीचा जीव भांड्यात पडला. "मी उगाच घाबरले बाई." ती बाळाला उचलू लागली.

सुटलो! काकांना खरंच तसं वाटलं, क्षणभर. गप्प राहायचं, बस्स. काटा जाईल, गाडी जाईल, कुणाला काही कळायचं नाही. आणि मग हे पोर? ते भिंतीपासून पुढे आले.

"काटा खरा आहे," ते म्हणाले. "इतके दिवस माझा पाय होता त्याच्यावर."

पोरीला कळेचना. "म्हणजे?"

"म्हणजे बाळ वाढत नाहीये, पोरी. कधीच वाढलं नाही. तू रडलीस, मला बघवलं नाही. मी पाय दाबला. आत्ताच्या आत्ता या गाडीने जा. मोठ्या दवाखान्यात ने त्याला."

हमालांचे हात थांबले. पोरीने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "सासूबाई रोज हात जोडत होत्या हो. मी त्यांना वेड्यात काढलं. तुमच्या भरवशावर."

"मी येतो बरोबर—"

"नको."

ती निघालीच. अंगावरच्या कपड्यानिशी, पिशवी नाही, काही नाही. काका मागून ओरडत सुटले, "हिच्या घरी कळवा रे! सासूबाईंना सांगा!" एक हमाल वसाहतीकडे पळाला.

माणसांचा डबा नेहमीसारखा फलाटाच्या बाहेर, खडीत उभा होता. पायरी पार छातीच्या उंचीवर. बाळाला घेऊन चढणं तिला जमेना. काका धडपडत पोचले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"दे माझ्याकडे. तू चढ."

तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग वळून, खडी तुडवत गार्डाकडे गेली.

"दादा, धरता जरा?"

गार्डाने निशाण बगलेत मारलं आणि बाळ घेतलं. ती दांडा धरून वर चढली, वाकली, बाळ घेतलं आणि आत जाऊन बसली. खिडकीशी नाही, पलीकडच्या बाजूला. शिट्टी झाली. गाडी हलली, तरी काकांचे हात तसेच पुढे होते. ते खाली घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.